पाय दिसला पाहिजे

उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये जीन्सचा एक कारखाना आहे. माया तिथं धागे कापते. शिवून आलेली पँट मांडीवर घ्यायची, शिवणीतून लोंबणारे धागे छोट्या कात्रीनं उडवायचे आणि पँट पलीकडच्या ढिगावर टाकायची. लग्नाआधीपासून ती हेच करत आली. नवरा विक्रांत अंबरनाथला एका कंपनीत पॅकिंगला. दोघांनी चिखलोलीच्या नव्या वस्तीत, तळ्याच्या बाजूला, तळमजल्यावरची खोली-किचन घेतली तेव्हा मायानं सगळ्या मजल्यांवर पेढे वाटले होते. मुलगी यशोधरा तेव्हा बालवाडीत होती.

यशोधरा तिसरीत असताना शाळेतून घरी येत होती. गेटपाशी पाण्याचा टँकर रिव्हर्स घेत होता. ड्रायव्हरला ती दिसली नाही. उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

सोसायटीचे चेअरमन अण्णा. धंदा इस्टेट एजंटचा, आवाज मोठा, कुणाचंही काम अंगावर घेणारा माणूस. कल्पना त्यांचीच. "तळ्याला एक फेरी मारायची. धावा, चाला, काहीही करा. येईल त्यानं पोरीच्या पायासाठी जमेल ते द्यायचं." आणि खरोखर माणसं आली. एकाच जिन्यानं रोज जाऊन एकमेकांशी न बोलणारी माणसं त्या सकाळी एकमेकांना पाणी देत होती. पलीकडच्या जुन्या गावातून बनूबाई ताकाचा हंडा डोक्यावर घेऊन आली आणि ज्याला त्याला हाक मारून पाजत बसली. बायका साडी खोचून चालल्या. त्या दिवशी कुणाच्या मनात काही खोटं नव्हतं, हे मायाही आज मान्य करते.

नवा पाय आला. यशोधरा भिंतीला धरून पॅसेजमध्ये चालली, तेव्हा दारं उघडून सगळे बघत उभे राहिले. माया अण्णांच्या पाया पडायला गेली तर त्यांनी तिला वाकू दिलं नाही. "अहो ताई, आपलीच पोर आहे ती."

दुसऱ्या वर्षी अण्णा घरी आले. "दौड दर वर्षी करायची ठरलंय. यशोला स्टेजवर आणा. लोकांना बरं वाटतं, आपण दिलेलं कुठं गेलं ते दिसतं." यात नाही म्हणण्यासारखं काय होतं? मायानं स्वतःहून विचारलं, "मी काही काम करू का?" तिला व्हॉलंटिअरचा पिवळा टी-शर्ट मिळाला. तेव्हापासून दौडीच्या पहाटे तळ्याकाठी सगळ्यात आधी तीच पोचायची. फक्कीच्या रेषा ओढायच्या, केळ्यांचे घड सोडवायचे, पाण्याचे ग्लास मांडायचे, आणि सगळे फोटो काढून गेल्यावर तेच ग्लास झुडपांतून वेचायचे. सुट्टीसाठी कारखान्यात सेठची बोलणी खायची. विक्रांत कधी म्हणायचा, "बस झालं आता." ती म्हणायची, "लोकांनी केलंय आपल्यासाठी."

दौड वाढत गेली. बदलापूरहून, उल्हासनगरहून गाड्या करून लोक येऊ लागले. डीजे आला, छातीवर लावायचे नंबर आले, बिल्डरचा बॅनर आला. बनूबाईचा हंडा बंद झाला. आता बाटल्या असायच्या. स्टेजवरचा कार्यक्रम मात्र तसाच राहिला. निवेदक अपघाताची हकिगत सांगायचा, दर वर्षी थोडी वाढवून. मग यशोधरा चालत स्टेजच्या मधोमध यायची, टाळ्या पडायच्या आणि शेजारी उभी माया हात जोडायची.

एका वर्षी मायानं कारखान्यातून मुलीसाठी जीन्स आणली होती. शिवण जरा तिरकी गेलेली, म्हणून सेठनं तशीच दिली. यशोधरा ती घालून तळ्यावर आली. अण्णांनी मायाला बाजूला घेतलं. "जीन्स नको ना ताई. हाफ पँट घाला तिला. पाय दिसला पाहिजे, नाहीतर लोकांना कळणार कसं?"

माया मुलीला घेऊन घरी गेली आणि कपडे बदलून परत आली. यशोधरा तेव्हा सातवीत होती. वाटेत ती रडली. "माझ्या वर्गातली पोरं आहेत तिकडे. ती बघतात."

"वर्षातनं एक दिवस, यशो. एवढं काय त्याचं?"

मुलगी वाढत होती, पाय वाढत नव्हता. एकदा तो बदलून झाला होता, पुन्हा तोकडा पडला. पाय अडकवायची प्लास्टिकची वाटी गुडघ्याखाली काचायची. रात्री माया गरम पाण्यात फडकं बुडवून जखम पुसायची, मलम लावायची. वाटीच्या आत घालायचा मोजा रक्तानं चिकटलेला असायचा. डॉक्टर म्हणाले, नवीन घ्यायलाच हवा, हा वापरू नका. यशोधरा दहावीत होती. न वापरून शाळेत जायचं कसं?

माया अण्णांकडे गेली. ऑफिसात दोन गिऱ्हाइकं बसली होती, ती जाईपर्यंत उभी राहिली.

"ताई, तुमचं बरोबर आहे," अण्णा म्हणाले. "पण यंदाचा फंड तळ्याच्या सुशोभीकरणाला आहे. बाकडी, लायटिंग, सेल्फी पॉइंट. आणि तसं पण, एकाच घराला पुन:पुन्हा दिलं तर बाकीचे विचारतील ना मला."

"हो, ते आहेच," माया म्हणाली.

"यशोला आणा मात्र. बिल्डरसाहेब स्वतः येणार आहेत."

"आणते."

तिनं घरी हे सांगितलं तेव्हा विक्रांतनं हातातलं ताट खाली ठेवलं. "तू 'आणते' म्हणालीस? आणि वर हसून आली असशील." माया खरंच हसली होती.

दौडीच्या सकाळी यशोधरा जीन्स घालून तयार झाली. "येते मी. पण अशीच येणार." माया हो म्हणाली. तेवढ्यावर निभावेल असं तिला वाटलं.

स्टेजवर निवेदकानं हकिगत संपवली आणि माईक यशोधरापुढे धरला. "सांग बेटा, हा पाय मिळाल्यावर कसं वाटतं?"

यशोधरा म्हणाली, "हा पाय आता मला होत नाही. खूप दुखतो."

बिल्डरसाहेबांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी हसत माईक घेतला. "मोठी झाली आमची पोर, लाजते आता!" लोक हसले. मग माईक खाली करून ते मायाला म्हणाले, "ताई, जरा ती पँट वर करा ना. फोटोग्राफर थांबलाय."

माया पुढं झाली. वाकली. तिनं मुलीच्या जीन्सची कड धरली आणि एकेक घडी घालत गुडघ्यापर्यंत वर केली. यशोधरा हलली नाही. वाटीच्या कडेपाशी मोजा लाल झाला होता. मायाला तो दिसला, पहिल्या रांगेतल्या लोकांनाही दिसला असणार. टाळ्या सुरू झाल्या. माया उठली आणि सवयीनं तिचे हात जोडले गेले.

घरी आल्यावर यशोधरानं पाय काढून पलंगाखाली सरकवला आणि भिंतीकडे तोंड करून पडली. संध्याकाळी माया पाणी तापवून घेऊन गेली.

"हात नको लावू."

"यशो, सगळ्यांसमोर कसं नाही म्हणायचं मी? तूच सांग."

"मी म्हटलं होतं ना. सगळ्यांसमोरच म्हटलं होतं."

त्यानंतर मायानं पिवळा टी-शर्ट धुऊन, इस्त्री करून अण्णांच्या बायकोकडे दिला. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणी काही विचारलं नाही. जिन्यात मात्र बोलणं झालं, "पाय मिळाला, काम झालं. आता कशाला येतेय ती?" पुढच्या वर्षी बॅनरवर डोळ्यांच्या आजाराचा एक लहान मुलगा होता. बाकड्यांवर संध्याकाळी लोक बसतात. सेल्फी पॉइंटचे दिवे बंद पडलेत.

विक्रांतनं कंपनीतल्या कुणाकुणाला विचारून कल्याणच्या एका शिबिरात नाव लावलं. बरेच महिने खेटे घातल्यावर नवा पाय मिळाला. चांगला आहे, काचत नाही. यशोधरा बारावीला आहे आणि उल्हासनगरला मावशीकडे राहते. कॉलेज जवळ पडतं म्हणून, असं सांगायचं ठरलंय. मायाचा कारखाना तिथून दोन गल्ल्या सोडून आहे. सुटल्यावर ती कधीतरी मावशीच्या दारापर्यंत जाते. यशोधरा चहा करून देते, अभ्यासाचं विचारलं तर सांगते. भांडण असं काहीच नाही.

रविवारी ती चिखलोलीला येते. दिवसभर चालून मोजा घामानं ओला झाला की बदलावा लागतो. मोजा घेऊन ती मोरीत जाते आणि आतून कडी लावते. आत पाण्याचा आवाज येतो. माया दाराबाहेर उभी राहते.

"टॉवेल देऊ का?"

"आहे माझ्याकडे," यशोधरा आतून म्हणते.