खाणीच्या वाटेवरचे केशरी दगड

आमच्या सकाळी फिरणाऱ्या पेन्शनर ग्रुपमध्ये फोटो कुणालाच धड काढता येत नाहीत. बोट तरी येतं, नाहीतर मुंडकं तरी उडतं. त्यामुळे सहलीहून किस्सेच आणावे लागतात. राजस्थानातून तर पोतंभर आले, आणि बहुतेक माझ्याच खाती!

सगळ्यांना राजवाडे बघायचे होते. मीच हट्ट धरला, एक दिवस वाळवंटातल्या डोंगरात, बंद पडलेल्या खाणी बघायला पायी जायचं. लीडर कोण? माझ्याकडे शिट्टी आणि टोपी होती. झालो!

"टोपी बघून निवडून द्यायची आपल्याकडे पद्धतच आहे," नाना म्हणाले. नाना म्हणजे रिटायर्ड हेडमास्तर. "पण वाट चुकलात, तर शिट्टी माझी."

आता काय वाट्टेल ते झालं तरी शिट्टी सोडायची नव्हती.

*

सराव म्हणून कात्रजचा डोंगर चढलो. दम लागला की मी थांबायचो आणि म्हणायचो, "व्ह्यू बघा!"

तिसऱ्यांदा थांबलो तेव्हा नाना म्हणाले, "अहो, समोर दरड आहे. तिचा व्ह्यू किती वेळ बघायचा?"

*

विश्रांतवाडीच्या शैलावहिनींनी मंडईतून पिशवीभर काकड्या घेतल्या आणि थेट राजस्थानात आणल्या. मी खूप टिंगल केली.

दुपारी त्या उघड्याबोडक्या डोंगरात सगळ्यात जास्त काकड्या मीच खाल्ल्या. वहिनी एवढंच म्हणाल्या, "सालं तरी ठेवा हो!"

*

खाणीच्या तोंडाशी मी माहिती द्यायला उभा राहिलो.

"कशाची खाण ही?" नानांनी विचारलं.

"जुनी!" मी म्हणालो.

आतून गार वारा येत होता, एक वाजून गेला होता आणि मंडळी पुण्याची. पुढच्या वाक्याला सगळे आडवे!

*

परतीची मला मुळीच काळजी नव्हती. फाटक रंगवून उरलेला केशरी ऑइलपेंट मी गुपचूप आणला होता. येताना सगळ्यांच्या पुढे चालत, प्रत्येक फाट्यावर नारळाएवढा दगड रंगवून उभा केला होता. नानांना चकित करायचं होतं ना!

परतताना पहिल्या फाट्यावर दगड नाही. दुसऱ्यावरही नाही. ऊन उतरायला लागलं. आम्हाला घेऊन आलेली बस खाली नेमकी कुठे उभी, देव जाणे!

तेवढ्यात एक काटेरी झाड दिसलं. त्याखाली माझे सगळे दगड ओळीने बसलेले. हळदकुंकू वाहिलेलं, पुढ्यात चिवड्याचा नैवेद्य.

"येताना आम्ही बायका मागे होतो ना," शैलावहिनी म्हणाल्या. "उन्हात एकेकटे बसले होते हो बिचारे! खालचे वर आणले, वरचे खाली आणले, सावलीत एकत्र ठेवले."

माझी बायको मंदा म्हणाली, "अहो, बघताय काय? वाट सापडू दे म्हणून हात जोडा!"

मी हात जोडले. नाना माझ्या केशरी बोटांकडे बघत राहिले. मग शेजारी येऊन हळूच म्हणाले, "लीडर, शिट्टी देवापुढे ठेवा."

ठेवली. करतो काय!

आणि खालून, अगदी जवळून, बसचा हॉर्न वाजला.

"पावला!" मंदा ओरडली. "बाई गं, किती जागृत आहे!"