केतकीचा राखणदार

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. आईजवळ नाही, नवऱ्याजवळ नाही. नवऱ्याला माझं बाकी सगळं ठाऊक आहे, अगदी बारावीला गणितात गटांगळी खाल्ली तेही. हे मात्र नाही. आणि केतकीला तर — तिला कोणत्या तोंडाने सांगू? तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून तुम्हाला सांगणं त्यातल्या त्यात सोपं.

परळला आमची चाळ होती. निम्मी बिऱ्हाडं आमच्यासारखी मालवणकडची, कधीकाळी गिरणीत कामाला आलेल्यांची. खाली पिंपळाच्या पारावर छोटी घुमटी होती, तिच्यात राखणदार. राखणदार म्हणजे गावाची वेस सांभाळणारा देव. कुणाच्या तरी पणजोबांनी गावाहून दगड आणून इथे बसवला होता. आमच्यात देवाजवळ मागणं मागतात त्याला गाऱ्हाणं म्हणतात — एक जण मोठ्याने मागणं घालतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात.

केतकी शेजारच्या खोलीतली. घाटावरची, साताऱ्याकडची. तिला हे गाऱ्हाणं फार आवडायचं. अकरावीत असताना तिने मोबाईलवर कॉमिक काढायला घेतलं, मग तिच्या बाबांनी तिला जुना टॅब आणून दिला. कॉमिकमधला राखणदार सोळा वर्षांचा. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, पायात मापाच्या बाहेरच्या वहाणा. चाळीतली एक मुलगी प्रेमात पडते, तिच्या प्रेमाची राखण करायला हा पिंपळावरून खाली उतरतो आणि सगळा घोळ घालून ठेवतो. चिठ्ठी भलत्याच्याच खिशात टाकतो. देव असून वडापावसाठी रुसतो. तो फक्त त्या मुलीला दिसायचा, तेही तिने मनापासून हात जोडले तर. घाईत जोडले की फिकट व्हायचा. किती गोड कल्पना होती! आज कळतंय असं नाही हं — तेव्हाही कळत होतं.

त्याचे मालवणी संवाद मी लिहायची. दर शनिवारी नवा भाग इन्स्टाग्रामवर. चाळीतली पोरंटोरं वाचायची, कॉलेज वाचायचं. एका प्रकाशनाच्या बाई पुस्तक करूया म्हणून मागे लागल्या होत्या. केतकीला आर्ट कॉलेजला जायचं होतं आणि तिचे बाबा जवळजवळ तयार झाले होते.

आणि मला ओंकार आवडत होता. दुसऱ्या माळ्यावरचा. एका दुपारी पारावर कुणी नाही असं बघून मी राखणदाराला गाऱ्हाणं घातलं. ओंकाराक माझ्याकडे बघूची बुद्धी दी रे म्हाराजा. पुढे व्हय म्हणायला कुणी नव्हतं, म्हणून ‘व्हय म्हाराजा’ही मीच म्हटलं. हसू नका. म्हणजे — हसलात तरी चालेल. केतकीही हसली होती, मी तिला सांगितलं तेव्हा. तिच्याशिवाय कुणालाच सांगितलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी ते कॉमिकमध्ये आलं. शब्दाला शब्द. मुलगी एकटीच गाऱ्हाणं घालते, एकटीच व्हय म्हणते, आणि राखणदार डोळे चोळत उठतो, ‘मागतंस तूच, व्हय म्हणतंस तूच. मगे माका कित्याक उठवलंस गो?’

ही ओळ माझी नव्हती. केतकीने स्वतः लिहिली होती. सगळ्या कॉमिकमधली सगळ्यात चांगली ओळ तीच होती — ते जास्त झोंबलं का? माहीत नाही.

चित्राखालच्या ओळीत दुसऱ्या माळ्यावरच्या मुलाचाही उल्लेख होता. चाळीत ओळखायला कितीसा वेळ लागतो? संध्याकाळी मी नळावरून बादली घेऊन येत होते. ओंकार मित्रांबरोबर कठड्याला टेकून उभा. मला बघून त्याने दोन्ही हात जोडले आणि अंगणभर ऐकू जाईल असं ओरडला, ‘व्हय म्हाराजा!’ सगळे खिदळले. बायकासुद्धा. मी बादली खाली ठेवली नाही, धावले नाही. हळूहळू जिना चढले. तो जिना मी अजून चढतेय असं कधीकधी वाटतं.

केतकी लगेच आली. रडतच.

‘प्राची, मला वाटलंच नाही गं कुणाला कळेल. आत्ता काढून टाकते. मी तुला विचारायला हवं होतं.’

तिने माझ्यासमोर तो भाग काढून टाकला. माझे हात धरून माफी मागितली. मी काय म्हणाले? म्हणाले, ‘जाऊ दे गं. वेडी आहेस का?’ तिचे डोळेही पुसले.

इथे थांबले असते तर हे लिहायला बसले नसते.

मी थांबले नाही. मी तिचे जुने भाग काढून बसले आणि मला हवं ते शोधलं. एका भागात मुलगी आनंदाच्या भरात राखणदाराच्या गालाचा मुका घेते. पुढच्याच चौकटीत तो घाबरून काठीमागे लपतो आणि ती कान धरून त्याच्या पाया पडते. मी पुढची चौकट कापली. नुसता मुका ठेवला.

मग तो फोटो घेऊन मी तात्यांकडे गेले. तात्या म्हणजे घुमटीची पूजा करणारे, गाऱ्हाणं घालणारे. चाळीत त्यांचा शब्द चालायचा. मी नाव घेतलं नाही, तक्रार केली नाही. फक्त विचारलं, ‘तात्या, देवाला असं काढलेलं चालतं का हो?’

तात्यांनी चष्मा लावून बघितलं.

‘कोणी काढल्यान ह्या?’

मी केतकीच्या खोलीकडे बघून मान खाली घातली. तेवढं पुरलं.

‘तू देवाचा भय बाळगतंस, बरा केलंस. तुझा नाव माझ्या तोंडातसून जाऊचा नाय,’ ते म्हणाले. आणि शेवटपर्यंत ते नाव बाहेर पडलं नाही. शब्दाचा माणूस. मला देवभोळी पोर समजतच गेले.

तात्यांना पाठवलेला तो फोटो दुसऱ्या दिवशी चाळीच्या ग्रुपवर फिरत होता. खाली लोक काय काय लिहीत होते! घाटावरची पोर आमच्या देवाची थट्टा करते. खोली खाली करायला सांगा. तिचे बाबा — साधा माणूस, कुणाच्या अध्यात न मध्यात — जिन्यात उभे राहून प्रत्येकाला हात जोडत होते. रविवारी केतकीला नारळ घेऊन पारावर यावं लागलं. सगळी चाळ गोळा झाली. तात्यांनी गाऱ्हाणं घातलं, ‘ह्या लेकराकडसून जी काय चूक झाली आसात ती पोटात घाल रे म्हाराजा!’

व्हय म्हाराजा, सगळे म्हणाले. मी सगळ्यांत मोठ्याने म्हटलं. केतकी मान खाली घालून उभी होती आणि मी तिच्याकडे टक लावून बघत होते. माझ्यावर हसणाऱ्या त्याच बायका, तेच अंगण. मला दुःख झालं असं लिहिता आलं असतं. झालं नाही. उन्हातून आल्यावर माठातलं पाणी प्यावं तसं वाटलं.

तिने घरी जाऊन सगळं पुसलं. सगळे भाग, सगळी चित्रं. बाबांनी टॅब विकला आणि तिला कॉमर्सला घातलं. प्रकाशनाच्या बाईंचे फोन तिने उचलले नाहीत. माझ्या मांडीवर डोकं ठेवून ती विचारत राहिली, ‘कोणी दाखवलं असेल गं तात्यांना?’

एकीचा हिशेब झाला होता. दुसऱ्याचा राहिला होता.

‘ओंकार,’ मी म्हटलं. ‘मी त्याला तात्यांच्या दाराशी बघितलं.’

तिचा विश्वास बसला. का बसणार नाही? तिच्या भावाने ओंकारला गेटवर गाठून मारलं, त्याचा ओठ फाटला. तो शेवटपर्यंत सांगत होता, मी नाही, मी नाही. मी गॅलरीतून बघत होते.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तात्या गेले. केतकी विम्याच्या ऑफिसात आहे, चांगली नोकरी आहे. लग्न नाही केलं. चित्र काढत नाही. दिवाळीत रांगोळीसुद्धा माझ्याकडून काढून घेते. माझ्या बाळंतपणात दवाखान्यात रात्रंदिवस तीच बसून होती. मी कुणाची कोण हे विचारलं तर सगळे सांगतील, केतकीची प्राची.

मधल्या काळात सांगावंसं वाटलं का? वाटलं. तिचा हात हातात असतानाही वाटलं. पण दरवेळी मनात पहिल्यांदा काय यायचं? तो जिना आणि ती बादली. मग मी गप्प बसायची.

परवा ती ऑफिसातून थेट माझ्याकडे आली. चेहरा लाल.

‘दादरला ओंकार भेटला. म्हणाला, केतकी, आईशप्पथ, तो मी नव्हतो. इतक्या वर्षांनी! मी ऐकूनच घेतलं नाही. तशीच निघून आले.’

ती माझ्याकडे बघत होती. मी गॅस बारीक केला.

‘बरं केलंस,’ मी म्हटलं.

आणि मला बरं वाटलं.