व्हॉल्व्ह धरणारी

ताईचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा, आणि सुरू व्हायचा तो गुडघ्यांपासून. अंथरुणात बसूनच ती ते चोळायची, पाय हळूहळू सरळ करायची, मग भिंतीला धरून उठायची. स्वयंपाक, डबे, आणि भोंगा व्हायच्या आत कापड रंगवायच्या कारखान्याच्या फाटकात. मी त्याच कारखान्यात बॉयलरवर होतो. माझी ती थोरली बहीण, पण तिथे सगळे तिला बाई म्हणत.

तरुणपणी तिने ओल्या फरशीवर काम केलं. उकळत्या रंगातून निघालेलं कापड ओढायचं आणि गाड्यावर रचायचं. पायाखाली रंगाचं पाणी, नाकात आंबट वाफ. गुडघे तिथेच गेले. पुढे तिला केबिनमध्ये घेतलं. तिथे एक संगणक आणि एक खुर्ची. लॉटचा नंबर टाकला की संगणक हिशेब करून मचाणावरच्या टाक्यांचे व्हॉल्व्ह उघडायचा आणि ठरलेला रंग मशीनमध्ये सोडायचा. ताईला संगणकाचं कौतुक नव्हतं. खुर्चीचं होतं.

मग तो म्हातारा संगणक बंद पडला तो कायमचा. नव्यावर जुना प्रोग्रॅम चालेना. तो लिहिणारा केव्हाच वारला होता. नवा प्रोग्रॅम विकत घ्यायचं नाव काढताच मॅनेजर खर्चाचा पाढा वाचायचा. त्याने बाहेरून एक संगणकवाला बोलावला.

माणूस वाईट नव्हता. केबिनमध्ये बसून ताईला नीट समजावून सांगत होता. मी वाफेचा दाब सांगायला गेलो होतो, म्हणून कानावर पडलं.

"बाई, हा प्रोग्रॅम जुन्या प्रोसेसरच्या मोडमधला, म्हणजे त्याच्या पद्धतीने चालणारा. नव्या प्रोसेसरला तो मोड अजून येतो, पण ऑपरेटिंग सिस्टिम कुणाला असं मोकळं सोडत नाही. तिच्याकडे यासाठी एक ठरलेली मागणी करता येते, तिला कॉल म्हणतात. तो केला की ती या प्रोग्रॅमला वेगळी खोली देते. आत त्याला वाटतं, आपण जुन्याच मशीनवर आहोत, सगळं आपलंच आहे. त्याने काही मागितलं की सिस्टिम बाहेरून बघते आणि द्यायचं तेवढंच देते."

"म्हणजे सासूबाईंसारखं," ताई म्हणाली. "किल्ल्या कमरेला, कुलपं बदललेली."

तो इतका हसला की चहा सांडला.

चाचणी पाण्यावर घेतली. पडद्यावरचे आकडे जुळले, व्हॉल्व्ह टकटक वाजले, पाणी मशीनमधून सरळ गटारात गेलं. किती पडलं ते कुणी मोजलं नाही. मॅनेजरने हात मिळवला आणि काम झालं म्हणून सही केली.

त्यानंतर लॉट फिके येऊ लागले. गर्द निळा मागितला की धुवट निळा. मॅनेजर कापडाचा तुकडा घेऊन केबिनमध्ये आला.

"बाई, चष्मा लावता ना?"

"लावते. तुम्हीही लावा. नंबर बरोबर टाकलाय."

"मशीन चुकत नाही."

"मी चुकले, हे मशीनने सांगितलं का?"

"पुढचा लॉट असा आला तर तुम्ही परत फरशीवर," एवढं बोलून तो गेला.

घरी येताना ताई दर थोड्या वेळाने थांबत होती. "फरशीवर मी टिकायची नाही रे," म्हणाली. तिला भीती एवढीच होती. बढती नको, शाबासकी नको. बसायला मिळावं.

पुढचा लॉटही तसाच आला. संगणकवाल्याला परत बोलावलं. या खेपेला तो मचाणावर चढला, व्हॉल्व्हखाली बादली धरली आणि उतरला तेव्हा त्याचं तोंड पडलं होतं.

"चूक माझी," तो म्हणाला. "मोठा डोस घड्याळावर आहे, तो बरोबर पडतो. शेवटचा बारीक डोस मात्र रिकाम्या फेऱ्यांवर आहे. व्हॉल्व्ह उघडायचा, प्रोसेसरला नुसत्या चकरा मारायला लावायचं, चकरा संपल्या की बंद. जुना प्रोसेसर रमतगमत जायचा. आता तोच प्रोग्रॅम नव्या प्रोसेसरवर पळतो, चकरा चुटकीसरशी संपतात. थोडे दिवस द्या, मी तिथे घड्याळ बसवतो. बाईंचा दोष नाही."

"तोवर मशीन बंद?" मॅनेजरने वर पाहिलं. "व्हॉल्व्हला हाताची दांडी आहे ना?"

"आहे."

"मग झालं तर. बाई वर उभ्या राहतील. दांडी धरायची, छटा जुळली की सोडायची. तात्पुरतं."

फरशी टळली, मचाण मिळालं. लोखंडी शिडी, वर टाक्यांची वाफ, उभं राहायला एक फळी. खाली केबिनमध्ये खुर्ची रिकामी. संगणकवाला दुरुस्तीसाठी दिवस मागायला दोनदा आला, मॅनेजरने दिले नाहीत. तिसऱ्यांदा आला नाही. कोण कशाला बोलावेल? छटा आता बरोबर येत होती.

मी जन्मभर भट्टीत कोळसा लोटला. राबण्याची मला किळस नाही. मला किळस येते ती या गोष्टीची. रिकाम्या चकरा म्हणजे काय? काहीच न करणं. मशीनला नीट थांबता येईना, म्हणून माझ्या बहिणीला शिडी चढायला लावली. संध्याकाळी ती मोरीत थुंकायची तर थुंकी निळी. आणि मॅनेजर पाहुण्यांना केबिन दाखवत सांगायचा, "आमच्याकडे सगळं आपोआप होतं." पाहुणे माना डोलवायचे. टाकीमागे ताई दांडी धरून उभी असायची. सुटाबुटातली ती माणसं वर मान करायचीही तसदी घेत नसत.

"सोड ही नोकरी, ताई."

"सोडून खाऊ काय? तुझा बॉयलर?"

तात्पुरतं ते तिच्या निवृत्तीपर्यंत चाललं. शेवटी शेवटी शिडीवरून ती बसून उतरायची, एकेका पायरीवर, लहान मुलासारखी. खालची माणसं आपलं काम सोडून बघायची आणि हसायची. ती हसणारी तोंडं मला अजून दिसतात.

फाटकाबाहेर पडल्यावर तिने साठवलेला सगळा पगार काढला आणि आम्ही दवाखान्यात गेलो. त्यात उजवा गुडघा नवा बसला. डाव्यापर्यंत पैसे पोहोचले नाहीत.