पावसाळ्यात दहा वजा

चांदा जिल्ह्यात आकडेमोडीचे यंत्र सर्वांत आधी कोणी केले, असे मला कोणी विचारले तर मी बेधडक सांगेन, माझ्या बायकोच्या मामांनी. दुसऱ्या कोणी केल्याचे माझ्या ऐकिवात नाही, आणि केले असलेच तरी ते पोळपाटांचे केलेले नसणार. मामाजी यंदा ज्येष्ठात गेले. त्यांच्याविषयी लिहायचे तर आम्हा सर्वांचा जीव टांगणीला लागला होता त्या सकाळपासून सुरुवात करणे बरे. दिवस तान्ह्या पोळ्याचा. रक्कम दीडशे रुपये, दंडाची. हजर असलेली मंडळी : जंगल खात्याचे एक साहेब, त्यांच्या हाताखालचा नाकेदार म्हणजे जंगलाचा शिपाई, मामीजी, माझी बायको, मी, आणि पडवीत मधोमध ते यंत्र. साहेबांचे म्हणणे सरळ होते. घरात इतके सागवान, एकाही तुकड्यावर सरकारी हातोड्याची निशाणी नाही, वाहतुकीचा पास नाही. तेव्हा माल जप्त आणि वर दंड. मामीजींच्या घरात दीडशे रुपयांना जाईल अशी वस्तू एकच होती, ती म्हणजे दुभती म्हैस, आणि मामाजी गेल्यापासून घर तिच्याच दुधावर चालले होते.

हे यंत्र मामाजींच्या डोक्यात शिरले ते चांद्याच्या एका कचेरीत. तिथे त्यांनी मूठ फिरवून बेरीज करणारे एक विलायती यंत्र पाहिले. बाबूने त्याला हात लावू दिला नाही. मामाजी घरी आले, जेवले नाहीत, आणि मामीजींना म्हणाले, "त्याच्या पोटात चाकंच आहेत. आन् चाकं तं आपल्या बैलबंडीलेही असतात." त्या दिवसापासून त्यांनी शेती बटईने, म्हणजे वाट्याने, दुसऱ्याला कसायला दिली आणि पडवीत रंधा घेऊन बसले. मी तांदळाच्या गिरणीत हिशेब लिहितो. तोंडी बेरजेत मला अडवील असा माणूस आमच्या भागात क्वचितच असेल, हे मी बढाई म्हणून नाही तर माहिती म्हणून सांगतो. मी त्यांना एकदा म्हटले, "मामाजी, बेरीज तर मी उभ्या उभ्या करून देतो. हा खटाटोप कशाला?" त्यांनी रंधा थांबवला. "जावईबापू, तुमची बेरीज बरोबरच असते. पण तुमचा हातचा कुठी असते? डोक्यात. तो कोणाले दिसते? माहा हातचा पाहा, डोळ्यानं दिसते." आणि त्यांनी चाक फिरवले. नवावरून शून्यावर येताना चाकाची खुंटी शेजारच्या चाकाला लागली आणि ते एक घर पुढे सरकले. एवढ्या एका सरकण्यासाठी त्यांची दोन वर्षे गेली होती. त्या दिवशी मामीजींनी शिरा केला.

लाकडाच्या बाबतीत त्यांचे मत ठाम होते. जंगलातून आलेले लाकूड त्यांच्या लेखी कच्चे. "ते अजून झाडच आहे, त्याले वाटते आपून वाढून राह्यलो," असे ते म्हणत. त्यांना हवे होते ते चुलीचा धूर खाल्लेले, तीन सुनांच्या हाताखालून गेलेले, फुगून फुगून थकलेले सागवान. ते कुठे मिळणार? लोकांच्या घरात. म्हणून मामाजी कुठेही गेले की यजमानाची खुशाली विचारण्याआधी बसायचा पाट बोटाच्या पेराने वाजवून पाहत. एका लग्नात तर नवरदेव ज्या पाटावर बसला होता तो त्यांनी पूजा चालू असताना वाकून वाजवला. नवरदेवाला वाटले काही विधी असेल, तो हात जोडून उठून उभा राहिला. भटजींनी त्याला दटावून पुन्हा बसवले, आणि मामाजी शेजाऱ्याच्या कानात म्हणाले, "पाट चांगला आहे, पोरगा कच्चा आहे."

वाजवलेली वस्तू पसंत पडली की ते ती मागत. चोरी त्यांनी कधी केली नाही. मागत मात्र अशा तऱ्हेने की देणाऱ्याला आपलाच मान वाढल्यासारखे वाटे. आमच्याकडे जेवायला आले, चार पोळ्या खाल्ल्या, आणि बायकोला म्हणाले, "बाई, अशी गोल पोळी चांगल्या पोळपाटाबिगर होत नाई. दाखव बरं." दाखवला तो गेला. मोबदल्यात मिळाले वचन : यंत्र पुरे झाले की घरचा वर्षाचा हिशेब फुकट. असे वचन साऱ्या आळीला मिळालेले होते. नंतर तीन वर्षे माझी बायको परातीच्या पाठीवर पोळ्या लाटत होती, आणि प्रत्येक पोळीबरोबर मामाजींचा उद्धार मला ऐकावा लागे. नवा पोळपाट मी आणू म्हटले तर तिला नको होता. "माहा होता तोच पायजे," हे तिचे उत्तर.

उन्हाळ्यात यंत्र उत्तम चाले. एका शिवरात्रीला मामाजींनी ते बंडीत घालून मार्कंड्याच्या जत्रेत नेले आणि हाळी दिली, "कोणतेही दोन आकडे सांगा!" लोकांना ते भविष्य सांगणारे वाटले. एकाने नांगराच्या बैलाचे वय सांगितले आणि तो अजून किती वर्षे जगेल असे विचारले. एका म्हातारीने नारळ ठेवला, दुसरीने हळदकुंकू वाहिले, आणि ते कुंकू खुंटीखाली जाऊन हातचा अडकला. मामाजी संध्याकाळपर्यंत नदीकाठी बसून पिसाने चाकांतले कुंकू काढत होते. रागावले अजिबात नाहीत. म्हणाले, "पूजा झाली, हिशेब उद्या करू."

पावसाळा मात्र त्यांचा वैरी. थकलेले म्हणून आणलेले लाकूड मृगात पुन्हा तरुण होई. खुंट्या फुगत आणि हातचा देताना शेजारचे चाक एकाऐवजी दोन घरे ओढत. मामाजींनी मोहाच्या बियांचे तेल चोपडले, राख लावली, यंत्राला घोंगडी पांघरली आणि शेवटी शेकायला चुलीजवळ नेऊन ठेवले. तेव्हा मामीजींनी स्पष्ट सांगितले की चुलीजवळ एक तर यंत्र राहील, नाही तर मी. यंत्र पडवीत परत आले. मग मामाजींनी निसर्गाशी तडजोड केली. हातचा आला की उत्तरातून दहा कमी करायचे, दिवाळीपर्यंत.

तर आता त्या सकाळकडे. साहेब चाकांकडे बोट दाखवून विचारत होते, "बाई, हे लाकूड कुठून तोडलं?"

"तोडलं नाई साहेब," मामीजी म्हणाल्या. "ते तोडत नव्हते. मागत होते."

"कोणाकडे मागत होते?"

मामीजींनी हात पसरून सारा गाव दाखवला. साहेबांना ती थट्टा वाटली. ते नाकेदाराला म्हणाले, "पंचनामा लिही." नाकेदाराने पहिले चाक काढून उलटे केले, आणि माझी बायको ओरडली, "थांबा! हा माहा पोळपाट आहे!"

सगळे तिच्याकडे पाहू लागले. तिने चाक हिसकावून घेतले आणि मागची करपलेली खूण साहेबांच्या नाकासमोर धरली. "हे पाहा. नवी नवरी होती तेव्हा मी गरम तवा ठेवला होता याच्यावर. सासूबाईचं बोलणं अजून आठवते मले."

तान्हा पोळा असल्यामुळे पोरे चाकांवरचे लाकडी बैल, म्हणजे नंदी, घेऊन दारोदार फिरत होती आणि त्यांच्या आया मागे होत्या. ओरडा ऐकून त्या पडवीत आल्या. शेजारची म्हातारी कधी नव्हे ती काठीशिवाय धावत आली आणि सगळी चाके ज्या दांड्यावर बसवली होती तो तिने कवटाळला. "हे तं माहं मुसळ! मी म्हनो, मागून नेलेलं मुसळ गेलं कुठी?" दुसरीने फिरवायची मूठ ओळखली, ती तिच्या जात्याचा खुंटा होता. तिसरीला आपला चौरंग दोन तुकड्यांत सापडला. एक बाई शेवटच्या बारक्या चाकांकडे पाहून हसत सुटली, "अवो, हे आमच्या नंदीचे चाकं व्हय! म्हून आमचा नंदी यंदा बसून आहे."

साहेबांनी कपाळावरचा घाम पुसला. "पण या पोळपाटांचा तरी पास कुठं आहे?"

"साहेब," मामीजी शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या घरच्या पोळपाटाले पास आहे का?"

नाकेदार खाली मान घालून खोकला. साहेब यंत्राकडे वळले. मग म्हणाले, "हे जर खरंच यंत्र असेल, लाकडाचा साठा नसेल, तर चालवून दाखवा. सात आणि आठ."

मी बाहेर पाहिले, पाऊस भुरभुरत होता. मामीजींनी पदर खोचला, बायकोच्या हातातले चाक जागी बसवले, सात घरे सरकवली, मग आठ. हातचा आला. खुंटी करकरली, शेजारचे चाक एक घर सरकले, थबकले, आणि आणखी एक घर सरकले. उत्तर आले पंचवीस.

"चूक," साहेब म्हणाले.

"चूक नाई," मामीजी म्हणाल्या. "पावसाळा आहे. दहा कमी करा."

साहेबांनी चाकांकडे पाहिले, बाहेर पावसाकडे पाहिले, आणि असे हसले की नाकेदारालाही हसण्याची परवानगी मिळाल्यासारखे झाले. पंचनाम्याचा कागद कोराच घडी करून खिशात गेला. ते चहा पिऊन गेले तेव्हा मी इतका मोठा श्वास सोडला की म्हशीने मान वर करून माझ्याकडे पाहिले.

मग एक अडचण उभी राहिली. प्रत्येकीने आपापली वस्तू चारचौघांत ओळखली होती. मामीजी यंत्रापासून बाजूला झाल्या. "न्या बायांनो. ज्याचं त्यानं न्या. ते असते तं वापस नसतं केलं, म्या करतो." कोणी हलले नाही. म्हातारीने मुसळावरचा हात काढून घेतला. "माह्यानं आता कांडनं होते का? राहू दे." मी बायकोकडे पाहिले. तीन वर्षे ज्याच्यासाठी ती भांडली तो पोळपाट हाताच्या अंतरावर होता. तिने पदराने चाकावरची धूळ पुसली आणि म्हणाली, "काढला तं मामाजीचा हातचा अडकंल."

यंत्र अजून त्याच पडवीत आहे. दिवाळीनंतर बरोबर उत्तरे देऊ लागले, आणि मी कधी कधी गिरणीची बेरीज त्याच्यावर पडताळून पाहतो, गरज नसताना.

दंड भरावा लागला नाही. अखेर जे दिले ते एवढेच : सव्वा रुपया, गोंडपिपरीच्या बाजारातल्या सुताराला, नव्या पोळपाटाचे. पैसे हातात ठेवण्याआधी मी तो पोळपाट कानाशी धरून बोटाच्या पेराने वाजवला. सुतार म्हणाला, "काऊन वाजवून राह्यले भाऊ? ढोलक आहे का ते?"

मी म्हटले, "कच्चा आहे," आणि पैसे दिले.