दाट रेषांचा डोंगर

आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. कुणाबद्दल लिहावं एवढा माझा अधिकार नाही, तरी लिहिते. चुकलं तर सांभाळून घ्या.

कर्वेनगरच्या आमच्या कॉलेजात भूगोल विभागाचे नकाशे सांभाळणारे एक काका आहेत. मी समोच्च रेषांकडे टक लावून बसले की म्हणतात, "इतकं वाकू नकोस, डोंगर कागदातून वर येणार नाही." मग दोन बोटं नकाशावर चालवतात. रेषा लांब लांब असतील तिथे बोटं भरभर जातात. रेषा जवळजवळ आल्या की अडखळतात आणि काका खरोखर धापा टाकतात. "कळलं? इथे चढ उभा आहे." सरांच्या तासाला जे कळलं नव्हतं, ते मला त्या धापेने कळलं.

मागच्या वर्षी त्यांच्या वाडीला रस्ता मंजूर झाला. आराखड्यात तो दाट रेषा कापत सरळ वर जात होता. त्यावर एसटी चढलीच नसती. काकांनी विरळ रेषांवरून जाणारी वळणाची वाट ट्रेसिंग पेपरवर काढली आणि बांधकाम खात्याला अर्जासोबत पाठवून दिली. कॉलेजच्या ऑफिसातले हसले, "अहो, आता इंजिनिअरला तुम्ही शिकवणार?"

"शिकवत नाही हो. एकदा चढून बघा म्हणतोय."

कित्येक महिने उत्तर आलं नाही. काका डबा खातानासुद्धा फोन समोर ठेवायचे.

काल आमचं प्रॅक्टिकल चालू असताना त्यांच्या भावाचा फोन आला. मोजणीवाले वाडीवर येऊन गेले होते, आणि खुंट्या वळणाच्या वाटेनेच ठोकल्या होत्या.