आईचा आवाज आणि काकूंचा नारळ

वारल्यानंतर वर्षभराने आई आमच्या घरात पुन्हा गाऊ लागली.

बाबांचा विसराळूपणा वाढत वाढत माझ्यापर्यंत येऊन पोचला होता. गिरणीत चालवलेले साचे त्यांना आठवत, मी नाही! "कोण रे तू? कोणाकडे इलंस?" असं रोज मलाच विचारत. (पाहुणा मी, आणि चहाही मीच करायचा.) फार लागायचं मनाला.

एकदा ताईच्या हळदीची कॅसेट सापडली. त्यात आई गात होती. टेपरेकॉर्डर दिसला की बाबा त्याची बटणं उपटत, म्हणून तो स्वयंपाकघराच्या पडद्यामागे ठेवून लावला. बाबा ताठ बसले. "गे, इलंय, वायच थांब!" म्हणाले आणि अख्खं गाणं तिच्याबरोबर गायले. मग रोज दुपारी ते पडद्याशी गप्पा मारू लागले. पडद्यासाठी वेगळा कप ठेवायला लावत!

कांजूरच्या चाळीतल्या भिंती त्या कितीशा जाड! शेजारच्या मालतीकाकूंनी सगळं ऐकलं. त्यात सेल उतरले, आणि आईचा आवाज जाड, संथ होत विहिरीच्या तळातून यायला लागला.

"अरे, तुझी आई अडकलीय रे इथे!"

"काकू, सेल उतरलेत फक्त."

"मेलेल्या माणसाला कसले रे सेल?"

दुसऱ्या दिवशी मी नवे सेल घातले, तर टेपने कॅसेटच गिळली. बाबा कासावीस. "खंय गेली ती? खंय गेली?" करत रडवेले होऊन दाराकडे निघाले. माझी वाट लागली! मी पडद्यामागे शिरलो आणि आईच्या आवाजात गाऊ लागलो.

बाबा थबकले. नेमक्या तेव्हाच आईला शांत करायला काकू बायका जमवून दारात उभ्या राहिल्या. हातात नारळ, तोंडात गाऱ्हाणं. "बाय माजे, काय चुकला माकला असात तर पदरात घी..."

"व्हय म्हाराजा!" बायका म्हणाल्या.

पडदा हलला. काकूंच्या हातातला नारळ सुटला आणि घरंगळत पडद्याखाली आला. मी पडलो संस्कारी मुलगा. पडद्याखालून हात काढून नारळ परत द्यायला गेलो!

किंकाळ्या पार स्टेशनपर्यंत गेल्या असतील. बाबा मात्र जागचे हलले नाहीत.

"बाबल्या, भायर ये," ते म्हणाले. "आवशीचा गाणा असा नासव नको रे मेल्या!"

बाबल्या! कित्येक महिन्यांनी ती हाक ऐकली. मी नारळ पोटाशी धरून तिथेच रडलो.

तेव्हापासून रोज दुपारी मी त्यांच्यासमोर बसून गायचो आणि ते मला ओळखून शिव्या घालायचे. आठवड्याभरात काकू पुन्हा नारळ घेऊन आल्या.

"आता कोणासाठी, काकू?"

"तुझ्यासाठी! हात जोडते रे, आईला परत बोलाव आणि तू गप्प बस!"