सव्वीस दिवसांनी धाकटे

एकाच आईच्या पोटी, एकाच सकाळी, अर्ध्या तासाच्या अंतराने जन्मलेल्या आपल्या भावापेक्षा सव्वीस दिवसांनी लहान असलेला माणूस साऱ्या पृथ्वीवर एकच होता, आणि तो रत्नागिरीत आमचा घरमालक होता. अठ्ठ्याण्णव साली मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवायला सांगलीकडून रत्नागिरीला आलो आणि जागा शोधत त्यांच्या ओटीवर टेकलो. त्यांनी माझं गाव विचारलं नाही, माणसं किती ते विचारलं नाही, मासे खाता का हेही विचारलं नाही. चहा पुढे सरकवला आणि आवाज खाली आणून म्हणाले, "जीवशास्त्राचे ना तुम्ही? मग एक सांगा. बाई गरोदर असताना तिला पुन्हा दिवस जाऊ शकतात काय हो?"

मी कप खाली ठेवला. आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता, म्हणजे त्यांच्या पत्नी, काकूही ऐकत होत्या. मी शिक्षकी थाटात सांगितलं, "सशांसारख्या काही प्राण्यांत होतं म्हणतात. माणसांत जवळजवळ नाहीच. एकदा गर्भ राहिला की शरीर नवीन बीज सोडायचं थांबवतं आणि गर्भाशयाचं तोंडही बंद होतं. तरी अगदी क्वचित झाल्याचं वाचलंय. सिद्ध करणं मात्र फार कठीण."

"क्वचित म्हणजे होतं," ते म्हणाले.

"होतं असावं."

त्यांनी कोनाड्यातली वरच्या मजल्याची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. आमच्या आधी तीन जण हा प्रश्न ऐकून जिना न चढताच परत गेले होते, असं काकूंनी पुढे सांगितलं.

निवृत्त होण्याआधी आमचे घरमालक सरकारी कचेरीत जमिनीचे नकाशे काढत. शिडशिडीत बांधा, पांढरी दाढी, आणि कुठलीही गोष्ट मोजून सांगायची सवय. आपल्या जन्माची हकीकतही ते नकाशा उलगडावा तशी उलगडत. त्यांच्या आईला त्या खेपेला दोनदा डोहाळे लागले होते. आधी करवंदांचे. ते सरले, उलट्या थांबल्या, बाईचा चेहरा उजळला, आणि मग पुन्हा पहिल्यापासून उलट्या सुरू होऊन तिला चुलीतली राख खावीशी वाटू लागली. पूर्णगडहून आलेल्या म्हाताऱ्या सुइणीने पोटावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. "दोन आहेत. पण बरोबरचे नाहीत," एवढंच ती बोलली. जन्मले तेव्हा थोरला गुबगुबीत, डोक्यावर जावळ, बोटांना नखं. धाकट्याला नखंच नव्हती. त्याला महिनाभर कापसात गुंडाळून टोपलीत ठेवला. "मी तो. माझी यायची वेळ झालीच नव्हती. दादा निघाले, म्हणून दार उघडं मिळालं आणि मी मागनं निघालो," असं ते म्हणत. थोरल्याला ते जन्मभर दादा म्हणत आणि अहो-जाहो करत. स्वतःचा वाढदिवस मात्र दादांच्या वाढदिवसानंतर सव्वीस दिवसांनी करत.

सव्वीस हा आकडा कुठून आला? तर कांजिण्यांवरून. सात वर्षांचे असताना दादांना कांजिण्या आल्या आणि ह्यांना बरोबर सव्विसाव्या दिवशी. मी म्हटलं, "काका, हा तर साथीचा रोग. एकाचा दुसऱ्याला लागतो, मधे दोन-तीन आठवडे जातातच." त्यावर ते माझ्याकडे कीव आल्यासारखं बघून म्हणाले, "आणि विंचू? विंचूही साथीचा काय?" दादांना गोठ्यात विंचू चावला होता. सव्वीस दिवसांनी ह्यांना देवघरात चावला.

दादा राजापुरात काजूचा व्यापार करत. दर सोमवारी त्यांचं पोस्टकार्ड यायचं. त्यात काजूचं अवाक्षर नसे, नुसती शरीराची खबरबात. 'मंगळवारी उजवा गुडघा धरला. बुधवारी दाढ. गुरुवारी ठीक. शुक्रवारी पोट बिघडले, फणस जास्त झाला.' घरमालक भिंतीवरच्या कॅलेंडरवर सव्वीस दिवस पुढे मोजून पेन्सिलीने लिहीत : गुडघा, दाढ, पोट. ठरल्या दिवशी सकाळीच गुडघ्याला तेल चोळून फडकं बांधून बसत. कोणी लग्नाचं आमंत्रण घेऊन आलं तर कॅलेंडर बघून सांगत, "तेरा तारखेला जमणार नाही हो. मला हगवण आहे." काकू कपाळावर हात मारून घेत, पण त्या दिवशी पेज मात्र न चुकता करत.

वर्षभराने माझ्या पत्नीला दिवस गेले आणि घरमालकांना चेव आला. दर दोन दिवसांनी जिन्याखालून हाक यायची, "वहिनी, डोहाळे बदलले काय?" ही कोल्हापूरची. तिने एकदा वरूनच ऐकवलं, "आता मला तुमचाच गळा आवळावासा वाटतोय, हे डोहाळ्यात धरायचं का?" त्यांनी ते गंभीरपणे ऐकून घेतलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "असं आधी वाटत होतं काय?" सोनोग्राफीच्या दिवशी ते आमच्याआधी दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसले होते. डॉक्टरीणबाईंना मी त्यांचा प्रश्न विचारला. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बहुतेक वेळा जुळ्यांतलं एक पोटात कमी वाढतं आणि लोकांना वाटतं ते नंतर राहिलं. ह्यांच्या वेळचं आता कोण सांगणार? पण तुमच्या बायकोच्या पोटात एकच आहे, आणि छान आहे."

बाहेर येऊन मी सांगितलं. त्यांचा चेहरा आधी उतरला. मग ते सावकाश म्हणाले, "बरं झालं. मागनं येणाऱ्याचे हाल असतात हो."

मुलगी झाली. ती रांगायला लागली त्या सुमारास सोमवारचं पोस्टकार्ड आलं. दादा राजापूरला नदीच्या पायऱ्यांवर घसरले होते आणि डावं मनगट मोडलं होतं. कॅलेंडरवर पेन्सिलीने 'मनगट' उमटलं. तो सव्विसावा दिवस रविवार होता. घरमालक सकाळपासून ओटीवर पडून, डावा हात उशीवर, वर कापूस, वर पंचा. मी मुद्दाम जाऊन शेजारी बसलो. मला खरं तर त्यांना एकदा खोटं पाडायचं होतं. दहा वाजले, बारा वाजले, जेवायची वेळ टळली. दोनच्या सुमारास मला हसू आवरेना. तेही हसले. "या खेपेला चुकलं वाटतं," असं म्हणून ते लहान मुलासारखे मोकळे होऊन उठून बसले, पंचा काढला, आणि काकूंना चहा टाकायला सांगण्यासाठी मान वळवली.

तेवढ्यात सुकी काटकी मोडावी तसा आवाज झाला.

हात मांडीवर होता. त्याला काही लागलं नव्हतं, कशाचा धक्का नव्हता. मी दीड हातावर बसलो होतो. माझ्या डोळ्यांदेखत ते मनगट हळूहळू वाकडं झालं. घरमालक ओरडलेसुद्धा नाहीत. माझ्याकडे बघून, जणू माझीच समजूत घालावी तसं म्हणाले, "दादा पडले तेव्हा अडीच वाजले असतील. मी उगाच घाई केली."

एक्स-रे बघून हाडांचे डॉक्टर म्हणाले, "वयोमानाने हाड ठिसूळ होतं. होतं असं." मीही वर्गात तेच सांगितलं असतं. पण त्या दिवसानंतर मी त्या कॅलेंडरकडे पाठ करून बसायला लागलो.

दोन हजार दोन सालच्या हिवाळ्यात पोस्टकार्ड आलं नाही, फोन आला. दुपारी सव्वा वाजता, सोलकढीची वाटी तोंडाला लावलेली असताना दादा गेले. एकाएकी. घरमालक एसटीने राजापूरला गेले, तेराव्याचं सगळं उरकून परत आले, आणि कॅलेंडरसमोर उभे राहिले. पेन्सिल हातात होती. त्यांनी काही लिहिलं नाही. लिहायची गरज नव्हती. आम्ही सगळ्यांनी मनात मोजलंच होतं.

उरलेले दिवस त्यांनी फार शांतपणे घालवले. काकूंना विहिरीचा पंप चालू करायला शिकवलं. बांधावरून ज्या शेजाऱ्याशी बारा वर्षं अबोला होता त्याच्या घरी जाऊन बसून आले. मी त्यांना जबरदस्तीने दवाखान्यात नेलं. हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासलं. सगळं उत्तम. "दादांचंही उत्तमच होतं," ते म्हणाले. काकू मात्र एक दिवस जिन्यात माझ्या पत्नीपाशी बसून बोलल्या. "पस्तीस वर्षं झाली. मी कपाळाला हात लावून बघायच्या आधी ह्यांना आपला ताप ठाऊक असायचा. मला म्हणून काही ठेवलंनच नाही ह्यांनी. आता हेही आधीच सांगून ठेवलंन."

सव्विसाव्या दिवशी मी रजा घेतली. घरमालकांनी अंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसले आणि ओटीवर भिंतीला टेकून बसले. काकूंनी सोलकढी केली नव्हती. त्या दिवशी त्यांनी चूलच पेटवली नव्हती. एक वाजला. मी त्यांचं मनगट धरलं, तेच, वाकडं जुळलेलं. नाडी व्यवस्थित चालली होती. बागेत माडांची सळसळ होती, ती थांबली. काकू उंबऱ्यात उभ्या होत्या. भिंतीवरचा काटा सव्वावर आला आणि माझ्या बोटांखालची नाडी गेली. मंदावली नाही, सरळ गेली. हात गार पडला. डोळे उघडेच, पण ते कोणाकडे बघत नव्हते. काकू तरातरा पुढे आल्या आणि त्यांच्या दंडाला धरून लहान मुलाला दटावावं तसं म्हणाल्या, "नाही जायचं. ऐकलंत? नाही जायचं त्यांच्या मागनं."

किती वेळ गेला कोण जाणे. माझ्या बोटाखाली एक ठोका पडला. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा.

त्यांनी काकूंकडे बघितलं आणि विचारलं, "किती वाजले?"

"वाजले तेवढे वाजले," काकू म्हणाल्या आणि आत जाऊन त्यांनी चूल पेटवली.

नाडी चुकल्याचं मी पुढे डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "घाबरलेल्या माणसाची बोटं बधिर होतात, प्रोफेसर." असेल.

घरमालक जगले, पण त्यानंतर कित्येक महिने ते हरवल्यासारखे असत. सोमवारी फाटकाशी जाऊन उभे राहत आणि मग आठवून परत फिरत. पायरी उतरताना आधी पायाने चाचपून बघत. एकदा मला म्हणाले, "पुढचं काहीच दिसत नाही हो आता. तुम्ही सगळे असेच जगता काय?" मी हो म्हटलं. "धीराचे आहात," ते म्हणाले.

मग एका सकाळी ते धापा टाकत जिना चढून आमच्या दारात आले. डोळे लाल, अंगावर घोंगडी, मागे काकू ओली पट्टी घेऊन. मला वाटलं काही भलतंच घडलं. त्यांनी थर्मामीटर माझ्यापुढे धरला. एकशे एक ताप होता.

"दादांना आला नव्हता," ते थरथरत म्हणाले. "कोणालाच आला नव्हता. माझा आहे हा."

"असू दे तुमचा," काकू म्हणाल्या, "आता खाली चला आणि पडून राहा." आणि पट्टी ठेवायच्या आधी त्यांनी आपला तळवा त्यांच्या कपाळावर टेकला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

तो ताप चार दिवस राहिला. पाचव्या दिवशी उतरला, तेव्हा ते जरा उदास झाले होते, असं काकू सांगत होत्या.